फडतऱ्यांच्या मोरीतलं पाणी

"आत्या, डबे उचला! परत आलं पाणी!"

हातातलं लाटणं तसंच टाकून मी मोरीकडे धावले. जाळीतून काळं पाणी बुडबुडत वर येत होतं. बघता बघता ते मोरीचा उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात शिरलं आणि जमिनीवर ओळीने मांडलेल्या डब्यांकडे निघालं, आमंत्रण दिल्यासारखं. आत्यांनी पदर खोचला आणि एकेक डबा ओट्यावर चढवायला सुरुवात केली. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या साताऱ्याकडे सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे.

मी मागच्या दारात जाऊन वर तोंड करून ओरडले, "नळ बंद करा! निकम काकू, मशिन लावलंय का? आमच्या घरात तळं झालंय!"

वरून कोणीतरी खिडकी लावून घेतली. नळ मात्र कोणी बंद केला नाही.

गोडोलीतल्या त्या चार मजली इमारतीत आमचा फ्लॅट सगळ्यात खाली, मागच्या बाजूला. वरच्या सगळ्यांचं सांडपाणी आमच्या मागच्या बोळातल्या चेंबरमधून बाहेर जायचं. अनंत चतुर्दशी होऊन गेली, पितृपंधरवडा लागला आणि ते जायचं सोडून आमच्याकडे मुक्कामाला येऊ लागलं.

"ओरडू नगं," आत्या म्हणाल्या. "आधी वड्याचं पीठ वर घे. ते गेलं तर आजचं पान जाईल कुणाचं तरी."

त्यांना स्वतःच्या घराचं काही नव्हतं, डब्याचं होतं. त्याला कारण होतं. माझे सासरे त्याच वर्षी चैत्रात गेले आणि आत्यांनी अंथरूण धरलं. जेवण नाही, बोलणं नाही, नुसतं भिंतीकडे तोंड. माझे यजमान पुण्याला नोकरीला, महिन्या दोन महिन्यांनी येणारे. मी घाबरून गेले होते. मग एकदा ओळखीतलं कोणीतरी दवाखान्यात होतं, त्यांच्यासाठी डबा हवा होता. मला भाजी जमेना, म्हणून आत्या उठल्या. त्या उठल्या त्या उठल्याच. एका डब्याचे कितीतरी डबे झाले. माझ्या लेखी ते डबे म्हणजे धंदा नव्हता, माझी सासू जिवंत असण्याची खूण होती.

आम्ही दोघी पाणी उपसत असतानाच रिसबूड सर आले. सोबत पहिल्या मजल्यावरच्या निकम काकू. सर सोसायटीचे चेअरमन, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. सगळी इमारत त्यांना सर म्हणायची, त्यांच्या वर्गात कधीही न बसलेलीसुद्धा. शाडूची मूर्ती आणायची, तळ्यावर न जाता घरीच बादलीत विसर्जन करायचं आणि ते पाणी झाडांना घालायचं, ही त्यांचीच मोहीम. त्या वर्षी तर सगळ्यांच्या मूर्ती त्यांनी स्वतः एकाच ठिकाणी सांगून आणवल्या होत्या. एकाच साच्यातले, एकाच उंचीचे गणपती मजल्यामजल्यावर बसले होते. आमच्याकडे दुखवट्याचं वर्ष, म्हणून फक्त आमचा चौरंग मोकळा होता.

सरांनी पँट घोट्याच्या वर दुमडली आणि कोरड्या फरशीवर उभे राहिले.

"हे बघा इंदुताई, यात वैयक्तिक काही नाही," ते आत्यांना म्हणाले. हे वाक्य ऐकलं की पुढे वैयक्तिकच येणार, एवढं मला लग्नानंतर कळलं होतं.

"पाणी वर कुठे येतंय? तुमच्या मोरीत. म्हणजे तुंबलंय कुठे? तुमच्या लाइनीत. घराच्या आतलं ते घरमालकाचं, बाहेरचं ते सोसायटीचं. साधा नियम आहे."

"पण सर, हे पाणी आमचं नाही," मी म्हणाले. "नळ बंद करून आम्ही खराटे घेऊन उभ्या आहोत. तरी येतंच आहे. आम्ही काय बोलावणं पाठवतोय त्याला?"

"पाणी कुणाचंही असेना गं," निकम काकू मध्येच म्हणाल्या. "त्याला अडवतंय काय? तेल. रोज एवढी तळणं. थंड झालं की मेणासारखं बसतं ते पाइपात. माझ्या माहेरी झालं होतं असंच."

आत्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "तळणीचं तेल म्या मोरीत वतत न्हाई. गाळून ठिवते. भांडी आधी कागदानं पुसते, मग घासते. हिला इचारा."

"तुम्ही मुद्दाम करता असं कोण म्हणतंय?" सर समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण राहत्या इमारतीत खानावळ चालवायची म्हणजे हे होणारच. रविवारी मीटिंग आहे. डबे बंद करावेत, असं बहुतेकांचं मत आहे. तुम्ही मनाची तयारी ठेवलेली बरी."

आत्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. चैत्रात भिंतीकडे वळलेलं तेच तोंड मला क्षणभर दिसलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चेंबर उघडून बघितलंय कोणी?" मी विचारलं. "न बघताच तेल आहे हे ठरलं?"

"ज्यांच्या लाइनीत बिघाड, त्यांनी उघडून बघायचं."

"मग आम्हीच उघडतो. शनिवारी सकाळी. आणि बघायला सगळ्यांनी यायचं, सर. तेल निघालं तर मीटिंगची वाट न बघता डबे बंद करतो."

हे मी कोणाला विचारून बोलले? कोणालाच नाही. ते दोघे गेल्यावर आत्या म्हणाल्या, "जीभ लई लांब हाय तुझी." मग पुन्हा पाणी उपसायला बसल्या.

शनिवारी दिनकर नावाचा गडी पहार आणि खोरं घेऊन आला. सगळी इमारत मागच्या बोळात जमली होती. नाकाला रुमाल लावून का होईना, पण आली. तिसऱ्या मजल्यावरचे बँकेतले साळुंखे, घोरपडे नवरा-बायको, काठी टेकत देवधर आजी, निकम काकू, सर. फडतऱ्यांचं तेल बघायला मिळणार म्हणून चेहऱ्यांवर एक प्रकारची उत्सुकताच होती. आत्या मागच्या दारात उभ्या होत्या, हात पदरात गुंडाळून.

दिनकरने पहार घालून झाकण सरकवलं. सगळे माना लांब करून पुढे झुकले.

आत पांढरं होतं.

तेलाचा थर पिवळट, काळपट असतो. हे पांढरट राखाडी, दगडासारखं बसलेलं. दिनकरने खोरं मारलं तेव्हा खट्ट आवाज झाला. त्याने एक घमेलं भरून काढलं, मग दुसरं, मग आणखी. बोळात ढीग व्हायला लागला.

"ह्ये तेल न्हवं," तो म्हणाला. "प्लास्टर हाय की. कुणी घराचं काम काढलंया काय?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. कोणाकडेच काम निघालेलं नव्हतं. मला तर नाचावंसं वाटत होतं. मी सरांकडे बघून काहीतरी झणझणीत बोलणार, एवढ्यात दिनकरच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. त्याने खोरं टाकलं आणि तो मागे उडी मारून भिंतीला जाऊन टेकला. मग घाईघाईने पायातल्या चपला काढल्या.

"काय रे? साप आहे का?" सरांनी विचारलं.

दिनकरने नुसतं बोट दाखवलं.

चेंबरच्या कडेला, खोऱ्याने उकरलेल्या चिखलात, एक हात होता. मुठीत मावेल एवढा, गुलाबी. बोटं सरळ, तळवा आमच्याकडे केलेला. मनगटात सोनेरी रंगाचं कडं. तळव्यावर तांबडा ॐ होता, जरासा पुसट झालेला.

आशीर्वादाचा हात.

मी खूप काही बघितलंय आयुष्यात, पण गटारातून वर आलेला तो हात आजही आठवला की अंगावर काटा येतो. देवधर आजींनी आधी चपला काढल्या, मग साळुंख्यांनी, मग एकेक करत सगळ्यांनी. नाकावरचे रुमाल कधी खाली आले ते कळलंच नाही. उघड्या गटाराभोवती अख्खी इमारत अनवाणी उभी होती, आणि हात जोडावेत की नाहीत ते कोणालाच सुचत नव्हतं.

"म्या न्हाई काढायचा," दिनकर रडवेला होऊन म्हणाला. "खोरं लावलं म्या त्याला. मला ठावं न्हवतं."

त्याला कोणी आग्रह केला नाही आणि स्वतःही कोणी पुढे झालं नाही. शेवटी आत्या दारातून खाली उतरल्या. चेंबरपाशी गुडघे टेकून त्यांनी हात आत घातला आणि तो दुसरा हात अलगद बाहेर काढला, बाळाला उचलावं तसा. मला म्हणाल्या, "वैजू, कळशी आण."

मी पाणी ओतत होते आणि त्या अंगठ्याने हळूहळू चिखल पुसत होत्या. तो हात स्वच्छ झाला तसा मला त्याचा आकार नीट दिसला, आणि माझ्या तोंडून नको ते निघून गेलं.

"पण हा मोरीच्या जाळीतून गेला कसा?"

बोलले आणि मलाच उत्तर कळलं. सगळ्यांनाच कळलं. मोरीच्या जाळीतून न जाणारी वस्तू घरातून खाली जायला दुसरी एकच वाट असते. निकम काकूंनी तोंडावर हात दाबून धरला. घोरपडे भिंतीकडे बघायला लागले. सरांचा चेहरा त्या ढिगाऱ्याइतका पांढरा पडला होता.

"आमच्याकडे यंदा गणपती नव्हता," मी म्हणाले. ते सगळ्यांना माहीत होतं.

चपला हातात धरून, एकमेकांकडे न बघता लोक वर निघून गेले. पाणी मात्र खळखळत वाहायला लागलं होतं.

दुपारी सर एकटेच आले. या वेळी त्यांनी पँट दुमडली नव्हती. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"इंदुताई, झालं ते भयंकर झालं," ते म्हणाले. "पण कोणी केलं हे शोधायला गेलो तर इमारत फुटेल. मूर्ती सगळ्यांच्या सारख्याच, हात कुणाचा हे कळायलाही मार्ग नाही. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवेल. बाहेर कळलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. म्हणून मी म्हणतो, उद्याच्या मीटिंगमध्ये तेलच म्हणू या."

"काय?" मी ओरडलेच.

"फक्त म्हणायचं. तुम्ही एकदा हो म्हणा, की चुकून गेलं असेल तेल. विषय तिथे मिटवतो. आणि डबे बंद करण्याचं यापुढे कोणी कधी काढणार नाही, हा माझा शब्द. मी चेअरमन असेपर्यंत तुमच्या डब्यांना हात लावू देणार नाही."

मी आयुष्यात एवढी थक्क कधी झाले नव्हते. सकाळी त्या चेंबरपाशी उभा राहिलेला माणूस दुपारी हे बोलू शकतो? "अहो, तुमच्या डोळ्यांदेखत..." मी सुरुवात केली.

"वैजू, गप." आत्या सरांकडे बघत होत्या. "मी म्हणीन, सर. तेल माझंच, असं म्हणीन."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"पर एक हाय. त्यो हात म्या देवघरात ठिवलाय. आमचं औंदा सुतकाचं साल, गणपती घरात ठिवता येत न्हाई. ज्याचा आसंल त्यानं यावं आन् घिऊन जावं. मी नाव इचारनार न्हाई, कुनाला सांगनार न्हाई. ज्याचा देव त्याच्या घरी गेला, की मी तुमी म्हनाल ते म्हनते."

सरांनी ओठांवरून जीभ फिरवली. "आणि कोणी आलंच नाही तर?"

"मग मीटिंगला मी त्याला घिऊन यीन."

सर म्हणाले, "मी सांगतो सगळ्यांना," आणि जिना चढून गेले. प्रत्येक दार वाजल्याचं मला खालून ऐकू येत होतं.

मी आत्यांशी भांडले. खोटं कशाला बोलणार म्हणाले, आपल्या स्वयंपाकाला डाग लागेल म्हणाले, ज्याने हे पाप केलं तो मिशीत हसेल म्हणाले. आत्या भाजी निवडत राहिल्या. माझा दम संपल्यावर म्हणाल्या, "डबं ऱ्हायलं पायजेत का नगं?" मी पोळ्या लाटायला घेतल्या आणि रागारागात त्या साऱ्या वेड्यावाकड्या केल्या.

ऊन कलताना मागचं दार हळूच वाजलं. निकम काकू होत्या. मला स्वयंपाकघरात पाहिलं नसावं त्यांनी. सरळ आत्यांच्या पायाशी बसल्या आणि हुंदके द्यायला लागल्या.

"इंदुताई, आमचा आहे तो."

मी लाटणं धरूनच जागेवर थिजले. तेल तेल म्हणून गावभर करणारी ही बाई!

"विरघळेचना हो," काकू रडत सांगत होत्या. "बादलीत ठेवला, दुसरा दिवस गेला, तिसरा गेला, जसाच्या तसा. नुसता रंग सुटला. शाडू म्हणून दिला तो, पण प्लास्टरचाच होता, हे आज कळलं. तेव्हा काय माहीत? सर तर जिन्यात सांगत होते, आमचा रात्रीतच विरघळला. सगळे माना डोलवत होते. मला वाटलं, आमच्याच हातून काहीतरी चुकलंय. सासूबाई म्हणायला लागल्या, देव घरातून जायला तयार नाही, काहीतरी वाईट होणार. कोणाला सांगायचं? तळ्यावर नेला तर लोक बघणार. मग ह्यांनी दार लावून घेतलं आणि..."

आत्या त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"रडू नगंस. उद्या सकाळी ये, देवपूजेच्या येळंला. पुढच्या दारानं ये. देवाला मागल्या दारानं न्येत न्हाईत. ताम्हन घिऊन ये, वर तांबडं कापड घाल."

"कोणी बघितलं तर?"

"रविवारी सकाळी कोन उठतंय?"

काकू गेल्या. मी बाहेर येऊन काही बोलणार तोच आत्यांनी बोटाने गप्प केलं आणि डब्यांच्या पिशव्या माझ्या हातात दिल्या. मी गाडी काढली. खरं सांगायचं तर मला वाईट वाटण्यापेक्षा आनंदच जास्त होत होता. चोर सापडला होता. दवाखान्यात डबे देताना, होस्टेलवर डबे देताना, मनात एकच चाललं होतं, की उद्या सकाळी त्या बाईचं तोंड मी डोळे भरून बघणार. परत आले तेव्हा साळुंखे आमच्या दारातून बाहेर पडत होते. "उद्याचा डबा सांगायला आलो होतो," असं मी न विचारताच ते म्हणाले आणि तरातरा गेले. सोमवारपासून शनिवारपर्यंत एकदाही आमचा डबा न घेणारा माणूस रविवारचा कशाला सांगतोय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी आपल्या निकम काकूंच्याच विचारात.

रविवारी मी पहाटेच न्हाऊन चांगली साडी नेसले. आत्यांनी तो हात एका पाटावर ठेवला होता, दूर्वांवर. समई लावली, उदबत्ती लावली आणि मला म्हणाल्या, "जा, दार उघड."

मी कडी काढली आणि दोन्ही दारं सताड उघडली.

उंबऱ्यापाशी निकम काकू होत्या, हातात ताम्हन, वर तांबडं कापड. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. मान मागे वळवून जिन्याकडे बघत होत्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर साळुंखे उभे होते. त्यांच्या हातात ताम्हन, वर तांबडं कापड. त्यांच्यामागे घोरपडे नवरा-बायको, दोघांनी मिळून एकच ताम्हन धरलेलं. वळणावर देवधर आजी, काठी काखेत आणि ताम्हन छातीशी. आणि सगळ्यात वर, कठड्याला टेकून, सोवळं नेसलेले रिसबूड सर.

कोणीच वर जात नव्हतं, कोणीच खाली येत नव्हतं. प्रत्येक जण दुसऱ्याच्या हातातलं ताम्हन बघत होता. मी एक चोर बघायला दार उघडलं होतं. मी दाराच्या चौकटीला धरलं. प्रत्येक घरात दार लावून कोणीतरी हातोडी हातात घेतली होती, आणि प्रत्येक घराला वाटत होतं की असं आपल्याच घरात झालंय.

"सर," निकम काकू म्हणाल्या. "सर, तुमचा तर रात्रीतच विरघळला होता..."

सरांनी ताम्हनावरचं कापड सारखं केलं.

तेवढ्यात आत्या पदराला हात पुसत माझ्यामागून पुढे आल्या. त्यांनी खालपासून वरपर्यंत सगळ्यांना शांतपणे बघितलं. मग कोपऱ्यातली सतरंजी ओढून बैठकीच्या खोलीत अंथरली.

"आलात व्हय समदी? बरं झालं. मग मीटिंगबी हितंच घिऊ," त्या म्हणाल्या. "या, आत या. बसा सर. तेलाचं काय म्हनत होता तुमी?"